घोरपडीसाठी खडक

आधी थर्माकोलचे तुकडे, टीव्हीच्या खोक्यांतले,
दौलतगंजच्या दुकानदारानं फुकट दिलेले.
एकावर एक चिकटवले की दिसतो
शाळेच्या प्रदर्शनातला डोंगर.
त्याला खडक म्हणायची हिंमत
बरेच दिवस होत नाही.

सुरी तापवून कापते. हीटगननं खळगे पाडते.
वास डोक्यात बसतो, जेवणात येतो.
मग जाळी, सिमेंट, टाइलच्या फटीत भरतात ती पूड.
एक थर, दोन दिवस. पुन्हा थर.
पुन्हा पुन्हा पाण्यानं धुवायचं आणि थांबायचं,
नवं सिमेंट कातडीला चावतं म्हणून.

आमच्या घरात तीन पिढ्या गणपती.
आबांचा अंगठा सोंडेवरून फिरला
की माशी घसरावी.
तो गुळगुळीतपणा माझ्या बोटांत इतका मुरलाय
की पहिला कडा मी नकळत वळवून, चोळून ठेवला.
कुशवाह, तिथला राखणदार, हसला:
"मॅडम, ये तो गाल बन गया."

खरंच गाल होता.
फोडला.

तेव्हापासून सकाळी उरवाही दरवाजाच्या वाटेवर जाते.
लोक वर बघतात, कड्यात कोरलेल्या उंच मूर्तींकडे.
मी खाली बघते, रस्त्याच्या कडेला,
जिथे कोणी काही कोरलं नाही:
ग्वाल्हेरच्या या फिकट दगडाचे थर कसे कलतात,
पाणी कुठून उतरलं, कुठे थांबून काळं पडलं,
बकऱ्यांनी अंग घासून कुठे चकाकी आणली.
शाडूचा गोळा दाबून छाप घेते.
फिरायला आलेले एक काका विचारतात, काही हरवलं का?
हो म्हणते.

घोरपड खडक डोळ्यांनी बघत नाही, असं कुशवाहचं मत.
तिला पोट आहे. नख्या आहेत. जीभ आहे.
दिव्याखाली ऊन हवं, चार हात पलीकडे गारवा,
आणि एक बीळ, पाठीला छत टेकेल इतकं अडचणीचं,
मोकळ्यात तिला झोप लागत नाही.
रंग काचेबाहेरच्यांसाठी.

तरी रंगवते. गेरू, पिवळी माती,
पातळ काजळी खळग्यांत सोडून देते,
वरून जवळजवळ कोरडा कुंचला.
शेवाळाचा एक डाग, अशा ठिकाणी
की तो मलाही वाकूनच दिसेल.
आबा म्हणायचे, डोळे शेवटी.
याला डोळेच नाहीत. कुठे थांबायचं ते कळेना.

आणि विसर्जनही नाही.
माझ्या हातचं आजवर सगळं
सागरतालात गेलं, पाहता पाहता चिखल.
चांगली मूर्ती पाण्यात मुकाट विरघळते,
एवढंच मला शिकवलेलं.
हा रोज सकाळी पाइपनं धुतला जाईल
आणि तसाच राहील,
माझी तिथली ओळख पुसल्यावरही.
सीलरचा शेवटचा हात देताना
मला उगाच लाज वाटत होती.

मंगळवारी तिला सोडलं.
जीभ. जीभ. जीभ.
दिव्याखालचा सपाट कडा, ज्यावर माझे नऊ दिवस गेले,
तिनं ओलांडला, जसा आपण
अनोळखी घराचा उंबरा ओलांडतो.
मागे गेली, कोपऱ्यात,
जिथे हात पोचत नव्हता म्हणून
सिमेंट मी नुसतं फेकून मारलं होतं.
त्या कपारीत शिरली.
शेपूट थोडा वेळ बाहेर, मग तीही नाही.

कुशवाह म्हणाला, "जँच गया."

काचेला नाक लावून एक मुलगा उभा होता.
"पापा, इसमें तो कुछ नहीं है.
खाली पत्थर है."

त्याच्या भाषेत खाली म्हणजे नुसता.
आमच्या घरी खाली म्हणजे खाली,
जिकडे मी महिनाभर बघत होते.